नक्कल मुताबिक असल

बाबा,

परवाच्या शनिवारी तरुण संघात मी प्रार्थनेची एक चिठ्ठी चुकीची वाचली. चुकून नाही, जाणून. समोर वीस-बावीस पोरं-पोरी डोळे मिटून बसलेली, कागदावर एक होतं, तोंडातून दुसरं गेलं, आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं. बाकी काही झालं नाही. चहा झाला, सतरंज्या झटकून ठेवल्या, पेटीला खोळ घातली. पण तेव्हापासून तुम्ही वाचलेली एक चिठ्ठी डोक्यातून जात नाही. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तुम्हाला विचारायचं एकच राहिलं होतं, ती चिठ्ठी माझी होती हे तुम्हाला कळलं होतं का? आजवर मी धरून चाललो होतो की कळलं नव्हतं. त्या एका गोष्टीच्या आधारावर मी तुमच्यावर रागावत आलो, आणि त्याच आधारावर थोडं माफही करत आलो. आता तो आधारच हललाय, आणि मला राग येत नाही की रडू येत नाही. हात बधिर व्हावा तसं झालंय. टोचलं तर कळतं की टोचलं, दुखत नाही.

हे कागद कचेरीतले आहेत. तुम्ही असता तर पत्र राहू दे बाजूला, आधी त्यावरून बोलला असता. तुम्ही तीस वर्षं कोर्टात नक्कलनवीस होतात आणि कोर्टाचा एक टाक कधी घरी आणला नाहीत. लोकांच्या निकालांच्या, खरेदीखतांच्या नकला करून द्यायच्या, हे तुमचं काम. निजामाच्या अमलात उर्दूत, आणि विलीनीकरण झाल्यावर मराठीत. चाळिशी उलटल्यावर भाषा बदलली, पण तुमचा हात नाही बदलला. नक्कल संपली की खाली सवयीनं उर्दूतच लिहून जायचात, 'नक्कल मुताबिक असल', म्हणजे नक्कल अस्सलाप्रमाणे आहे. मग साहेबाला उर्दू चालणार नाही हे आठवून जीभ चावायचात, आणि खाडाखोड नको म्हणून अख्खा कागद पुन्हा लिहायला घ्यायचात. मी बारा वर्षांचा असेन. कामाचा ढीग साचला म्हणून तुम्ही घरी बसून लिहिताय, परवानगी काढून आणलेले कागद आहेत. अस्सलात कुणी 'दावा'च्या जागी 'दवा' लिहिलंय. तुम्ही पाणी प्यायला उठता, आणि मी तुमच्या नकलेत एक काना वाढवून ठेवतो. शाबासकी मिळेल असं वाटलं होतं मला.

"हे कुणी केलं?"

"मी. चूक होती."

"कुणाची चूक?"

"लिहिणाऱ्याची."

"मग त्याचीच राहू दे की. तुला मुन्सफ कुणी केलं?"

चार पानं तुम्ही पुन्हा लिहिलीत. मारलं असतंत तर बरं झालं असतं. शेवटी टाक पुसताना म्हणालात, "अस्सलावर डाग असंल तर नकलेत डागाची जागा सोडायची असती. भरायची न्हाय." ते मला पाठ आहे. मी आता जिल्हा कचेरीत टायपिस्ट आहे, मशीनवर तेच करतो.

हाच कायदा तुम्ही मंडळीच्या तरुण संघात आणलात. आमच्या या उस्मानाबादेत ख्रिस्ती घरं मोजकी. त्यांतली आणि आसपासच्या खेड्यांतली पोरं-पोरी दर शनिवारी दुपारी देवळाच्या ओसरीवर जमायची. गाणी, शास्त्रपाठ, आणि शेवटी चिठ्ठ्या. डालड्याचा रिकामा डबा, आईनं विळीच्या टोकानं झाकणाला फट पाडलेली. ज्याला जी विनंती देवाकडं करायची ती त्यानं नाव न घालता कागदावर लिहून आत टाकायची, तुम्ही मोठ्यानं वाचायची, मग सगळ्यांनी मिळून प्रार्थना. आणि वाचायचं ते मुताबिक असल. एकानं लिहिलं, 'प्रभू, आमच्या म्हशीला रेडी होऊ दे, रेडा नको.' पोरं फसकन हसली. तुम्ही हसला नाहीत, म्हशीसाठी मनापासून प्रार्थना केलीत, 'रेडा नको' हेही देवाला पुन्हा सांगितलंत. एकीनं लिहिलं होतं, 'माझ्या बहिणीचा नवरा सुधरू दे न्हायतर मरू दे.' तेही तुम्ही वाचलंत. त्या दिवशी पाळकसाहेब तुम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, ते मरायचं तरी गाळायचं होतं." तुम्ही म्हणालात, "साहेब, ती चिठ्ठी मला लिहिलेली न्हाय. मी नुस्ता वाचणारा."

भाऊ. संघात तुम्ही सगळ्यांचे भाऊ होतात, माझेही. तसा नियमच होता, की ओसरीची पायरी चढली की कुणी कुणाचा बाप नाही, पोरगा नाही, सगळे भाऊ आणि बहिणी. मला तुम्ही 'भाऊ, सतरंजी घाला' म्हणायचात आणि मी 'व्हय भाऊ' म्हणायचो. लहानपणी गंमत वाटायची. पुढं पुढं ती ओसरी घरात आली. सोमवारी आजाऱ्यांच्या भेटी, गुरुवारी गाण्याची तालीम, शुक्रवारी कोर्टातून परस्पर सायकलवर खेड्यांकडं, शनिवारी संघ, रविवारी उपासना. कुणाचा बाप दारू पितो, कुणाची फी भरायची राहिलीय, कुणाचं शाळेत मन लागत नाही, सगळं तुम्हाला ठाऊक. मी कितवीत आहे ते मात्र दर वर्षी एक इयत्ता मागं. आई शनिवारी पंधरा-वीस जणांच्या गुळाच्या चहाचं पातेलं चुलीवर ठेवायची आणि वाचून झालेल्या चिठ्ठ्या त्याच चुलीत सारायची. एकदा चुलीपुढूनच म्हणाली, "माझं बी नाव घाला की तुमच्या संघात. म्हंजे शनिवारी तरी खुशाली विचारताल." तुम्ही म्हणालात, "तू तर घरचीच." आई म्हणाली, "त्येच तर रडणं हाय." आणि स्वतःच हसली. तुम्हीही हसलात, सायकलला टांग मारलीत.

मॅट्रिक झालो तेव्हा तुम्ही मला तबला-डग्गा आणलात. सोलापूरहून, मांडीवर घेऊन, एस.टी.त बसून. "तुझ्यासाठी," म्हणालात. रात्रभर मी तो उशाशी ठेवला. दुसऱ्या दिवशी शनिवार होता, तबला ओसरीवर गेला आणि तिथंच राहिला. वाजवणारा मीच होतो, त्यामुळं तक्रार काय करणार.

ओसरीवर पेटी वाजवायची ती दवाखान्यातल्या नर्सबाईंची मुलगी. तुम्हाला ती आठवत असेल, सगळ्यांत सुरेल गळा तिचाच. नर्सबाई विधवा, एकुलती पोरगी, आणि तिला चांगल्या घरी देण्याचा भार तुम्ही आपण होऊन डोक्यावर घेतलेला. मी तेव्हा सोलापूरला कॉलेजात, इंटरला. सुटी लागली की घरी. म्हणजे खरं तर तालमीला. ती गाताना मी ठेका धरायचो आणि हमखास पळायचो. ती पेटी थांबवायची. "तुमी सारखं घाई करताय. म्या काय गाडी पकडायला गात न्हाय." पोरं हसायची, माझे कान तापायचे. तेव्हा माझं डोकं कशानंही तापायचं. एका पोरानं तिच्या पेटीवर हात टाकला म्हणून मी त्याची कॉलर धरली होती, आणि तुम्ही मला सगळ्यांदेखत त्याचे पाय शिवायला लावले होते. कारण विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर सांगितलंही नसतं म्हणा.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी संघाचं वनभोजन असायचं. त्या वर्षी येडशीला, रामलिंगाच्या अलीकडं रानात. परतताना पोरांना छोटी रेल्वे बघायची होती म्हणून सगळे स्टेशनात थांबले. तुम्ही लांब, एका खेड्यातल्या पोराच्या खांद्यावर हात टाकून त्याचं काहीतरी ऐकत उभे. ती माझ्यापासून दोन हातांवर, नळाखाली हात धुत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "उमरग्याचं स्थळ आलंय मला. कंपाउंडर हाय. तुमच्या वडलांनीच आणलंय."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय मग? आईनं अजून शब्द दिला न्हाय. तुमच्या मनात काय असंल तर वडलांना सांगा."

"तुमच्या मनात काय हाय?"

"माझ्या मनात नसतं तर येवढं बोलले असते का मी?"

मी दचकलो. इतकं सरळ कुणी बोलेल असं वाटलं नव्हतं. म्हटलं, "ते घरी सापडतात कुठं सांगायला?"

ती हसली. पदराला हात पुसत म्हणाली, "घरी न्हाय सापडले तर डब्यात टाका. डब्यातलं तर वाचतातच ते." तेवढ्यात गाडी आली, पोरं ओरडली, आणि ती त्यांच्यात मिसळून गेली.

तिनं थट्टा केली होती. मी ती खरी धरली. पाच दिवस मी तुम्हाला घरात गाठायचा प्रयत्न केला हेही खरं. एकदा तुम्ही जेवत असताना मी सुरुवात केली, तर दारात कुणीतरी हाक मारली आणि तुम्ही हात धुऊन उठलात. शनिवारी सकाळी मी वहीचं पान फाडलं आणि डाव्या हातानं लिहिलं. ती चिठ्ठी मला अजून शब्दाला शब्द पाठ आहे. 'देवा, ज्या मुलीवर माझं मन आहे तिचं लग्न माझा बाप दुसरीकडं जमवतोय. त्याला गावच्या पोरांची मनं कळतात, माझं कळत नाही. त्याला अडव.' डाव्या हातानं लिहिलं म्हणजे ओळखू येणार नाही, हे मला त्या वयात वाटलं. तीस वर्षं ज्यानं परक्यांची अक्षरं वाचली त्या माणसाबद्दल वाटलं. वर्षानुवर्षं तसंच वाटत राहिलं, हे जास्त आश्चर्याचं.

तुम्ही चार चिठ्ठ्या वाचता. पाचवी माझी. तुम्ही घडी उघडता, चष्मा काढता, धोतराच्या सोग्यानं पुसता, पुन्हा घालता. आणि म्हणता, "एका भावाचं मन जड झालंय. प्रभू, त्याच्या घरात शांती असू दे." संपलं. पुढं प्रार्थना, आणि आमेन. मीही म्हणालो, तोंडातून गेलंच. डोळे उघडले तर ती पेटीच्या पलीकडून माझ्याकडं बघत होती. डब्यातल्या सगळ्या चिठ्ठ्या वाचून झाल्या होत्या आणि तिच्यापुरती माझी त्यात नव्हती. तिला वाटलं मी टाकलीच नाही. ती नजर मी नीट वाचू शकलो, पण तिला समजावून सांगायला मला त्या गर्दीत जागा मिळाली नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी रागाच्या भरात सोलापूरची एस.टी. धरली. आठवड्याभरात नर्सबाईंनी उमरग्याला शब्द दिला.

माझा राग कशाचा होता ते सांगतो. मला वाटलं, पोरींसमोर असलं वाचू नये म्हणून तुम्ही ते छाटलंत. म्हशीची रेडी चालते, मेहुण्याचं मरण चालतं, आणि माझं मन चालत नाही. कुणाचंही असो, ते मन. माझं आहे हे तुम्हाला ठाऊक नाही, हे मी गृहीतच धरलेलं. ठाऊक असतं तर तुम्ही असं केलं नसतंत, अशी एक बारीक समजूत त्या रागाच्या खाली मी जपून ठेवली होती.

पंधरा दिवसांनी होस्टेलवर तुमचं कार्ड आलं. तुमचं ते मोत्यासारखं अक्षर. 'नर्सबाईंच्या मुलीचं जमलं, देवाची कृपा. लग्नाची सूचना मंडळीत दोन रविवार वाचून झाली, येत्या रविवारी तिसरी. लग्नाला तबल्यावर माणूस नाही. तू ये.' मी आलो. तिसऱ्या सूचनेच्या वेळी मी मागच्या बाकावर बसलो. पाळकसाहेबांनी दोघांची नावं वाचली आणि दर वेळी म्हणतात तसं म्हटलं की या लग्नाला कुणाची योग्य हरकत असेल तर त्यानं आताच सांगावी. मी उभा राहिलो. बाक करकरला. सगळ्या माना वळल्या, फक्त तिची नाही. तुम्ही पहिल्या रांगेतून वळून पाहिलंत. तुमच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. आज मला त्या नसलेल्या आश्चर्याचा विचार करायला हवा, पण तेव्हा तो सुचला नाही. तुम्ही म्हणालात, "बस, भाऊ." संघातल्या कुठल्याही पोराला म्हणाला असतात त्याच आवाजात. मी बसलो. दुपारी ओसरीवर जाऊन चाकूनं डग्ग्याची चामड्याची पुडी फाडली. तिचं लग्न नुसत्या पेटीवर आणि झांजांवर लागलं. तुम्ही डग्गा सोलापूरला नेऊन मढवून आणलात, त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. मी कॉलेजात परत गेलो नाही, त्याबद्दलही नाही. माझी ट्रंक एका मित्रानं एस.टी.च्या टपावर टाकून पाठवली. तुम्ही ती उतरवून घेतलीत आणि मला टायपिंगच्या वर्गात घातलंत.

त्याच साली दसऱ्याच्या सुमारास तुम्हाला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस तुम्ही घरात होतात, दिवसाही, संध्याकाळीही. संघाची पोरं दाराशी यायची, आई त्यांना परत लावायची, "डॉक्टरांनी नको म्हटलंय." मी तुमच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या बदलत बसायचो. तुम्ही बरळायचात, कधी वचनं, कधी जुनी उर्दू, आणि मधेच 'मुताबिक असल, मुताबिक असल.' एका दुपारी डोळे उघडून माझ्याकडं बघत स्पष्ट म्हणालात, "एक नक्कल चुकली रे माझी."

मी म्हटलं, "कुठली? कोर्टातली?"

"जाणून चुकवली."

"असू द्या. मी उद्या कचेरीत सांगतो."

तुम्ही काही तरी बोलणार होतात. मग मान वळवलीत.

आणि मी खरंच गेलो, बाबा. दुसऱ्या दिवशी कोर्टात जाऊन तुमच्या हेडक्लार्कांना सांगितलं की वडलांच्या हातून एक नक्कल चुकलीय, त्यांच्या जिवाला घोर लागलाय, शोधून दुरुस्त करा. ते मुसलमान गृहस्थ, तुमच्या बरोबरीचे. चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिले. "तुझ्या अब्बाची नक्कल? बेटा, बुखार डोक्यात गेलाय त्यांच्या." तरी माझ्या समाधानासाठी दोन महिन्यांचं दप्तर काढून बसले. एक मात्रा इकडची तिकडं नव्हती. मी घरी येऊन तुम्हाला म्हटलं, "सगळ्या नकला बरोबर आहेत, हेडक्लार्कसाहेबांनी बघितलं." तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात. एकविसाव्या दिवशी ताप उतरला, आणि अंग गारच पडत गेलं.

पुढं महाराष्ट्र झाला, कचेऱ्या बदलल्या, माझं लग्न झालं, मुलगी झाली. संघ दोन वर्षं बंद होता. मग लोक म्हणू लागले, भाऊंची जागा मोकळी बरी दिसत नाही. मी नको नको म्हणत गेलो. खरं सांगायचं तर ओसरीवर पोरांनी 'भाऊ' म्हणून हाक मारली तेव्हा मला बरं वाटलं, घरात कुणी मला तितक्या आशेनं हाक मारत नव्हतं. तुम्हालाही तसंच होत असेल का? माझी बायको आईसारखी हसून बोलत नाही. ती म्हणते, "शनिवारी आपल्या घरी कोण असतं, तेवढं एकदा संघात विचारून या." मुलगी दहा वर्षांची आहे. गेल्या नाताळच्या नाटकात तिला देवदूत व्हायचं होतं. मी तिला मेंढरू केलं, आपल्याच पोरीला पंख दिले तर मंडळी बोलेल म्हणून. घोंगडी पांघरून ती मुकाट्यानं चार पायांवर चालली. मला वाटलं विसरली.

महिन्याभरापूर्वी मला चार दिवस ताप आला. साधाच. चार दिवस मी खाटेवर, आणि ती शाळेतून आली की दप्तर टाकून माझ्याजवळ. घड्या बदलायची, पाढे म्हणून दाखवायची, बाहुलीला माझं औषध पाजायची. चौथ्या दिवशी मला घाम आला. तिनं कपाळाला हात लावून बघितला आणि म्हणाली, "गेला का?" आनंदानं विचारतीय असं मला वाटलं.

परवा तिसरी का चौथी चिठ्ठी उघडली. चौकटीच्या वहीचं पान, शिसपेन्सिल, 'ल'ची शेपटी खाली ओढलेली. मला वाचायच्या आधी अक्षर कळलं. 'देवा, आमच्या पप्पांना पुन्हा ताप येऊ दे. थोडाच. म्हंजे ते घरी राहतील.' मी तोंड उघडलं होतं. "आमच्या पप्पांना," इथवर आवाज गेलाही होता. मी थांबलो. चष्मा नाही मला, नाहीतर पुसला असता. मग म्हणालो, "आमच्या पप्पांना ताप आहे. प्रभू, त्यांना बरं वाटू दे." आमेन. आणि त्या आमेनमध्येच मला तुमचं सोग्यानं चष्मा पुसणं आठवलं. परक्याची चिठ्ठी असती तर मी वाचली असती. कसलीही असती तरी. मुताबिक असल वाचता येत नाही ती एकच चिठ्ठी असते, आपल्या घरातली. म्हणजे तुम्ही ओळखली होतीत. घडी उघडताच. आणि जी नक्कल मी कोर्टाच्या दप्तरात शोधायला लावली ती ही.

त्यानं मला आनंद व्हायला हवा होता की बापानं अक्षर ओळखलं. किंवा संताप यायला हवा होता, की ओळखूनही कार्ड लिहिलंत, तबल्याला बोलावलंत, "बस, भाऊ" म्हणालात. नर्सबाईंना आधीच शब्द देऊन बसला होतात का? आपल्या पोरासाठी पोरगी राखली असं कुणी म्हणू नये म्हणून का? मी तुमच्या बाजूनं लावून बघतो, माझ्या बाजूनं लावून बघतो. कशातच जीव ओतता येत नाही. ती उमरग्याला आहे, तीन मुलं आहेत, वर्षा-दोन वर्षांनी उपासनेला दिसते, मी नमस्कार करतो, ती पेटीकडं बघते. एवढंच उरलंय.

घरी आलो तर मुलगी उंबऱ्यावर बसलेली. संघातल्या पोरींबरोबर माझ्या आधी आली होती.

"पप्पा, तुम्ही चुकीचं वाचलं."

"काय गं?"

"तसं नव्हतं लिहिलं."

मी म्हणालो, "अक्षर लागलं नाही बाळ मला."

तिनं जरा विचार केला. मग म्हणाली, "पुढच्या बारी नीट लिहिते." आणि आत जाऊन वही काढून बसली. दोन दिवस झाले, शुद्धलेखनाचा कित्ता गिरवतीय. बायकोला कौतुक वाटतंय की न सांगता अभ्यास करते. ती चिठ्ठी चुलीत घातली नाही, माझ्या खिशात आहे. शनिवार पाच दिवसांवर आलाय. संघाला कळवून घरी राहता येईल, हे मला कळतं. तसा निरोप दोनदा मशीनवर टाइप केला आणि दोनदा कागद ओढून काढला. एका वाक्याचा तर निरोप.

हे पत्र कुठं टाकावं ते सुचत नाही. डब्यात टाकलं तर मलाच वाचावं लागेल, आणि माझा आता भरवसा नाही. घडी करून डग्ग्याच्या खोळीत ठेवतो. तिथं कुणी बघत नाही.

एक राहिलंच. तुमच्या आजारात, अकराव्या का बाराव्या दिवशी, ताप जरा खाली होता. दुपार होती, आई चुलीपाशी. तुम्ही डोळे उघडलेत आणि मला विचारलंत, "आज वार कोणता?" बसायला बघत होतात, हात टोपीकडं गेला होता. शनिवार होता, बाबा. मी मंगळवार सांगितला.